हातांचा दुष्काळ

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वेशीबाहेर’ हा विषय सुचविला, तेव्हा ठाण्यासारख्या शहराला वेस म्हणून काही उरली आहे काय, ही शंका प्रथम मनात आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याकडे जे सात तालुके राहिले, त्यांपैकी ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि भिवंडी यांचा मोठा भाग इमारतींनी, कारखान्यांनी आणि गोदामांनी व्यापून टाकला आहे. तथापि सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके आजही मुख्यतः भातखाचरांच्या आश्रयाने राहतात, आणि त्यांच्या उत्तरेस वाडा, जव्हार, मोखाडा हा मुलूख जिल्हा बदलला तरी जमिनीच्या स्वभावाने त्यांचाच सख्खा भाऊ राहिला आहे.

खोपटच्या एस. टी. स्थानकात सकाळच्या प्रहरी थोडा वेळ उभे राहिले, तरी या मुलखाची आणि शहराची देवघेव नजरेत भरते. आत येणाऱ्या गाडीतून पावसाळ्यात शेवळ्यांच्या व टाकळ्याच्या जुड्या उतरतात, हिवाळ्यात वालाच्या शेंगा उतरतात, आणि बारमास उतरतात ते तरुण हात: पहारेकरी, गोदामातले हमाल, घरकामाला जाणाऱ्या बाया. जाणाऱ्या गाडीत त्या मानाने थोडा माल असतो. खताची रिकामी गोणी घडी करून काखेत धरलेल्या, वाड्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी सहज विचारले, ‘काका, यंदा आवणी वेळेवर झाली का?’ तेव्हा ते म्हणाले, ‘पाऊस वेळेवर आला, माणसं नाही आली.’

लहान शेतकऱ्याच्या उन्नतीसाठी या मुलखात आखलेल्या योजनांचा धांडोळा घेत मी पुढे जिथे जिथे गेलो, तिथे या उत्तराचाच प्रत्यय येत राहिला. जमीन थोडी आहे आणि भांडवल त्याहून थोडे आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या पंधरवड्यात पीक ठरते त्या पंधरवड्यात हात नाहीत, ही उणीव योजनेच्या कागदावर क्वचितच उमटते. जी योजना या उणिवेशी जुळवून घेते ती रुजते, आणि जी तिच्यावर आणखी भार घालते ती अनुदान संपताच वाळून जाते, असे मला दिसले. ते कसे, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

राबाचा धूर

वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, अशा प्रदेशात खाचरात पाणी तुंबवून घेता येणारे भात हेच मुख्य पीक असावे, हे क्रमप्राप्त आहे. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली व वरई, आणि सखल खाचरांत भात, ही येथील जुनी वाटणी. भाताचा आरंभ मात्र पावसात होत नसून उन्हाळ्यातल्या धुरात होतो. ऐनासारख्या झाडांचा टहाळ, शेण, वाळलेले गवत आणि वर मातीचा पातळ थर असे एकावर एक रचून रोपांसाठी राखलेला तुकडा मंद आचेवर भाजून काढावयाचा, यालाच राब म्हणतात. त्या उष्णतेने तणांचे बी मरते, राखेने रोप जोमदार होते, आणि रोहिणी-मृगात पेरलेली दाढ, म्हणजे रोपवाटिका, आर्द्रा-पुनर्वसूत आवणीला, म्हणजे लावणीला, येते तेव्हा ती निव्वळ भाताची असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर निर्बंध आणले, तेव्हा ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत इतकी तीव्र नाराजी पसरली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी-आयोग नेमणे भाग पडले, आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानच्या शेतीसुधारणेविषयी डॉ. व्होल्कर यांनी १८९३ मध्ये जो सुप्रसिद्ध अहवाल दिला, त्यातही राबाची चर्चा आहे. झाडांची हानी होते, सेंद्रिय द्रव्य जळून जाते, हे आक्षेप खरेच होते. परंतु अंमलदार जिला उधळपट्टी समजत होते, ती शेतकऱ्याच्या हिशेबी बचत होती, कारण फावल्या महिन्यात एकदा भाजून घेतले की ऐन पावसात रोपवाटिका निंदण्याचे काम वाचत असे. मोकळ्या दिवसांतले श्रम खर्चून गर्दीच्या दिवसांतले श्रम वाचवावयाचे, हे तत्त्व या मुलखाच्या सगळ्या शेतीच्या मुळाशी आहे.

त्या गर्दीचे स्वरूप खाचराच्या बांधावर उभे राहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. चिखलणी झाली की रोप थांबत नाही. तीन आठवड्यांच्या पुढे ते जून होऊ लागते आणि त्याचे फुटवे कमी होतात. गावातल्या सगळ्यांची रोपे एकदम तयार होतात, म्हणून सगळ्यांना एकाच वेळी माणसे हवी असतात. पूर्वी सावडीने, म्हणजे आज तुझ्याकडे तर उद्या माझ्याकडे, ही अडचण भागत असे. परंतु सावडीला घरटी दोन-चार माणसे गावात असावी लागतात. घरातला मुलगा आसनगावच्या वा भिवंडीच्या गोदामात रोजाने लागला आणि सून मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत जाऊ लागली, की त्या घराकडे सावड फेडण्यास हात उरत नाहीत. मग उक्ते काम द्यावे लागते, आणि उक्ते काम घेणारी टोळी ज्याची मजुरी मोठी त्याच्याकडे आधी जाते. एक-दीड एकराचा धनी साहजिकच रांगेत शेवटी उभा राहतो.

चार सूत्रे आणि एक दोरी

भाताचे उत्पन्न वाढविण्यासाठी कोकणात जे तंत्र कृषिखात्याने दीर्घकाळ आग्रहाने पुढे मांडले, ते चारसूत्री लागवडीचे होय. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत पहिले सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे: तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळावयाची, जेणेकरून तिच्यातील सिलिकाने रोपाचे खोड टणक होऊन कीड-रोगांस तोंड देण्याची शक्ती वाढावी. दुसरे सूत्र, बांधावर वाढविलेल्या गिरिपुष्पाचा हिरवा पाला आवणीपूर्वी खाचरात गाडणे. तिसरे, पंधरा व पंचवीस सेंटिमीटरच्या खुणा आलटून पालटून केलेल्या दोरीवर नियंत्रित लावणी करणे. चौथे, अशा रीतीने जवळजवळ आलेल्या चार चुडांच्या मधोमध, युरिया व डीएपी यांची दाबून केलेली सुमारे पावणेतीन ग्रॅम वजनाची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे.

या चौथ्या सूत्रामागील शास्त्र सुंदर आहे. कोकणातील खाचरे पायऱ्यांसारखी उतरत जातात, आणि वर फोकलेला युरिया वाहत्या पाण्याबरोबर एका खाचरातून दुसऱ्यात व तेथून ओढ्यात निघून जातो, नाहीतर हवेत उडून जातो. तीच मात्रा चिखलाच्या खालच्या, हवा नसलेल्या थरात पोहोचली तर नत्र मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळे ते दीर्घकाळ घेत राहतात. थोड्या खतात अधिक पीक, असा हा साधा हिशेब आहे आणि तो खोटा नाही.

तरीही मी पाहिलेल्या शिवारांत दोरीवर लावलेले खाचर बहुधा रस्त्यालगत, प्रात्यक्षिकाच्या फलकापाशी असे आणि आतली खाचरे जुन्याच पद्धतीने लावलेली असत. कारण विचारले, तेव्हा एका बाईंनी मूठ सोडता सोडताच सांगितले, ‘दोरी धरायला दोघी, गोळी खोचायला तिसरी. तिघी कुठून आणू, साहेब? आणि वाकायचं दोनदा.’ आवणी हे येथे प्रामुख्याने स्त्रियांचे काम आहे. तंत्रज्ञाने खताची बचत मोजली, उत्पन्नाची वाढ मोजली. परंतु गुडघाभर चिखलात दुसऱ्यांदा वाकण्याची किंमत कोणत्याच रकान्यात आली नाही. जेथे महिला बचत गटांनी एकत्र येऊन आळीपाळीने एकमेकींची खाचरे लावली, म्हणजे सावडीचीच नवी आवृत्ती काढली, तेथे मात्र चारसूत्री टिकलेली दिसते.

नांगरणीवाचून भात

याच्या उलट दिशेने विचार करणारे तंत्र कल्याणपासून फार दूर नसलेल्या नेरळला जन्मले. कर्जतला सरकारी भात-संशोधन केंद्र शंभराहून अधिक वर्षे उभे आहे आणि ‘कर्जत-३’, ‘कर्जत-१८४’ यांसारखे त्याचे हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, वाण या मुलखात घरोघरी ठाऊक आहेत. परंतु त्याच तालुक्यात ‘सगुणा बाग’ चालविणाऱ्या चंद्रशेखर भडसावळे यांनी वाणाऐवजी मशागतीलाच हात घातला. त्यांच्या ‘सगुणा राईस तंत्रा’त चिखलणी नाही, रोपवाटिका नाही आणि आवणीही नाही. एकदाच कायमचे गादीवाफे काढावयाचे. त्यांवर लोखंडी साचा दाबून पंचवीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावर भोके पाडावयाची. प्रत्येक भोकात तीन-चार दाणे व खत टाकून मातीने झाकावयाचे. तण उगवू नये म्हणून आरंभीच तणनाशक फवारावयाचे. कापणीनंतर मुळे उपटावयाची नाहीत, ती जमिनीतच कुजू द्यावयाची, आणि त्याच वाफ्यावर न नांगरता वाल, हरभरा वा मूग घ्यावयाचा.

मुळे कुजली की त्यांच्या जागी नळ्यांसारख्या पोकळ्या राहतात, त्यांतून हवा व पाणी खेळते, गांडुळे परततात, असे या तंत्राचे समर्थन करणारे सांगतात, आणि दोन-तीन हंगाम झालेल्या वाफ्याची माती हातात घेतली असता तिचा भुसभुशीतपणा सामान्य माणसासही जाणवतो. परंतु लहान शेतकरी याकडे वळला तो गांडुळांसाठी नव्हे. ‘बैल विकले म्हसाच्या जत्रेत, आता चिखल कशानं करू?’ हा प्रश्न ज्याने मला ऐकविला, त्याच्यासाठी चिखलणी व आवणी या दोन्ही खर्चांतून सुटका हीच मुख्य गोष्ट होती. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेच्या सुमारास भरणारी यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. दीड एकरासाठी वर्षभर जोडी पोसणे आज परवडत नाही, आणि पॉवर टिलर भाड्याने घ्यावा तर त्याचीही आवणीच्या टोळीसारखीच ओढाताण.

या तंत्रालाही मर्यादा आहेत, आणि त्या गावकरी निःसंकोचपणे सांगतात. पेरणी मोठ्या पावसाआधी उरकली नाही तर दाणे वाहून जातात. पहिल्या वर्षी वाफे काढण्याचा खर्च अंगावर येतो. सखल, पाणी साचणाऱ्या खाचरात वाफे टिकत नाहीत. आणि तणनाशकावरील भिस्त ही पुढे मागे नव्या चिंतेचे कारण होऊ शकते. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साचा गावात एकच असला तरी चालतो, कारण पेरणी दोन-चार माणसांत एका दिवसात उरकते आणि दुसऱ्या दिवशी साचा शेजाऱ्याकडे जाऊ शकतो. हातांची जी गर्दी एका पंधरवड्यात कोंडली होती, ती या तंत्राने मोकळी केली.

जगायला जाणे

जव्हार-मोखाड्याकडे ‘जगायला जातात’ असे म्हणतात, ते परदेशी जाणाऱ्यांविषयी नव्हे. भाताची झोडणी झाली, दिवाळी सरली की वारली, ठाकर, कातकरी कुटुंबे घराला कडी लावून निघतात. कित्येक जण भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि ज्यांनी आधीच बयाणा उचललेला असतो त्यांना निवडीचा अधिकारही नसतो. मुले शाळेतून निघतात ती पावसाच्या तोंडावरच परत येतात.

हे स्थलांतर थांबविण्याच्या उद्देशाने या भागात आलेला सर्वांत विचारपूर्वक आखलेला कार्यक्रम म्हणजे ‘वाडी’. महात्मा गांधींच्या आज्ञेने १९४६ पासून उरुळीकांचन येथे राहिलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. तिने १९८२ मध्ये गुजरातेतील वांसदा येथे आदिवासी कुटुंबांसह वाडीचा प्रयोग आरंभिला आणि पुढे तो जव्हारच्या डोंगरांत आणला. कुटुंबाच्या पडीक वरकस जमिनीपैकी सुमारे एक एकर घ्यावयाची, तीत आंबा-काजूची साठेक कलमे लावावयाची, भोवती गिरिपुष्प, बांबू यांसारख्या झाडांचे सजीव कुंपण करावयाचे, आणि कलमांच्या मधल्या जागेत भाजीपाला व कडधान्य घेत राहावयाचे. हाच नमुना पुढे नाबार्डने आदिवासी विकास निधीच्या द्वारे देशभर उचलला.

कागदावर हे जितके सुबक दिसते तितके ते डोंगरावर सोपे नाही. कलम फळावर यावयास चार-पाच वर्षे लागतात, आणि पहिले तीन उन्हाळे त्यास हाताने पाणी घालून जगवावे लागते. कोठे बुंध्याशी मडके पुरून, कोठे डोक्यावरून हंडे वाहून. परंतु नेमक्या त्याच फाल्गुन-चैत्र-वैशाखात कुटुंब भट्टीवर गेलेले असते. म्हणजे स्थलांतर थांबावे म्हणून जे झाड लावले, ते जगण्यासाठी स्थलांतर आधीच थांबलेले असावे लागते. हा पेच ज्या कार्यक्रमांनी ओळखला, त्यांनी खड्डे खणण्याची, कुंपणाची आणि पाणी घालण्याची मजुरी स्वतःच्याच शेतावर काम करणाऱ्या कुटुंबास दिली, मधल्या वर्षांसाठी भाजीचे बी दिले, आणि कार्यकर्ता पाच-सात वर्षे त्याच पाड्यांत राहू दिला. राज्य सरकारनेही १९९० पासून फळबाग-लागवडीची सांगड रोजगार हमीशी घातली, आणि २०१८ मध्ये आलेल्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदानाचे हप्ते पन्नास, तीस व वीस टक्के असे पाडून पुढचा हप्ता झाडांच्या जगण्याशी, दुसऱ्या वर्षी ऐंशी टक्के व तिसऱ्या वर्षी नव्वद टक्के, बांधला. हेतू रास्त आहे. परंतु विहीर असलेल्याला जी अट सोपी, ती हंड्याने पाणी घालणाऱ्याला जाचक ठरते, हेही नमूद केले पाहिजे.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या

मुंबईची तहान भागविणारी धरणे याच मुलखात आहेत. तानसा १८९२ मध्ये पुरे झाले, मध्य वैतरणा २०१४ मध्ये, आणि दोहोंच्या मधल्या काळात भातसा उभे राहिले. तरी शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या भिंतीखालून पाणी शहराला जाते आणि भिंतीवरचे गाव कोरडे राहते, ही विसंगती येथे इतकी जुनी झाली आहे की तिच्याविषयी कोणी संतापही व्यक्त करीत नाही.

अशा ठिकाणी वनराई बंधारा हा अगदी स्वस्त उपाय आहे. पाऊस ओसरताच, ओढ्याची धार आटण्यापूर्वी, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरून, शिवून, त्यांची आडवी भिंत प्रवाहात रचावयाची. पावसाळ्यात ती वाहून गेली तरी नुकसान नाही. पुढल्या वर्षी पुन्हा रचावयाची. अशा अडविलेल्या पाण्यावर, हळवे भात दसऱ्याच्या सुमारास निघालेल्या खाचरात, वाल, काकडी, भेंडी उभी राहते. गरवे भात घेतले तर शेत उशिरा मोकळे होते आणि तोवर ओलही जाते आणि ओढाही. म्हणून लहान शेतकऱ्याने हळवा वाण निवडावा की गरवा, हा प्रश्न केवळ क्विंटलचा नसून दुसऱ्या पिकाचा आहे.

मुरबाड-शहापूरची भेंडी मुंबईमार्गे परदेशी जाते, आणि जव्हार-विक्रमगडकडचा मोगरा दादरच्या फुलबाजारात जातो. दोन्ही पिके कष्टाची आहेत: भेंडी दिवसाआड तोडावी लागते आणि तिच्या कुसाने हातांची खाज थांबत नाही, मोगऱ्याच्या कळ्या उमलण्यापूर्वी भल्या पहाटे खुडाव्या लागतात. तरी ही पिके लोकांनी धरली, कारण त्यांचे श्रम एका पंधरवड्यात कोंदत नाहीत. ते रोज थोडे, घरच्या घरी, घरच्याच माणसांनी करण्याजोगे आहेत, आणि पैसा आठवड्याच्या आठवड्याला हाती येतो. ज्या घरात दिवाळीनंतर भेंडी उभी आहे, त्या घराला भट्टीचा बयाणा नाकारण्याचे बळ येते. स्थलांतरावर मला दिसलेला हा सर्वांत परिणामकारक उतारा होय, आणि त्यात गोण्यांच्या भिंतीचा वाटा मोठा आहे.

सातबारा आणि वजनकाटा

जमीन कसणे आणि जमिनीचा खातेदार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंगलातील एकसाली प्लॉटवर पिढ्यान्‌पिढ्या नागली पिकविणाऱ्यास २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा दिला, आणि तोही पतिपत्नी दोघांच्या नावे. तथापि योजनेचा अर्ज करावयास गेले की मागणी होते सातबाऱ्याची, त्यावरील पीकपेऱ्याची, बँकेच्या खात्याची, आणि सामाईक खाते असेल तर इतर हिस्सेदारांच्या संमतीची. एखाद्या खात्याच्या सात हिस्सेदारांपैकी दोघे डोंबिवलीस राहतात, एक सुरतेस. जमिनीचे दर वाढल्यापासून सही देताना तेही दहादा विचार करतात. सहायक कृषी अधिकाऱ्यास हे सारे ठाऊक असते, परंतु अनेक गावे आणि त्याहून अनेक तक्ते सांभाळणाऱ्या त्या मनुष्याकडून सातबारा दुरुस्त करून घेण्याची अपेक्षा धरणे हा अन्यायच होईल.

पीक हाती आल्यावर पुन्हा काळाचाच प्रश्न उभा राहतो. १९७२ मध्ये स्थापन झालेले आदिवासी विकास महामंडळ या भागात आधारभूत किमतीने भात खरेदी करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये ही किंमत केंद्राने ठरविली होती. परंतु दुकानदाराची उधारी दिवाळीपूर्वी चुकती करावयाची असते, आणि खरेदी केंद्राचा काटा उशिराने लागला, बारदान आले नाही, नोंदणी अडली, की गरजू शेतकरी दारात आलेल्या व्यापाऱ्याला कमी दराने भात घालून मोकळा होतो. थांबण्याची ऐपत असलेल्या मोठ्या खातेदारालाच सरकारी भाव मिळतो. ‘वाडा कोलम’ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, त्याचा फायदाही धान्य राखून ठेवणाऱ्याच्या व गिरणीवाल्याच्या पदरी आधी पडतो.

पंचांग जुळविण्याची गोष्ट

या सर्वांचा इत्यर्थ असा की, लहान शेतकऱ्याच्या योजनेची परीक्षा तिच्या तरतुदीच्या आकड्याने करण्याऐवजी तिच्या तिथीने करावी. खताच्या गोळ्या मृगापूर्वी गावात पोहोचल्या काय? साचा रोहिणीत उपलब्ध होता काय? रिकाम्या गोण्या ओढा वाहता असताना मिळाल्या, की तो आटल्यावर? भाताचा काटा दिवाळीच्या आधी लागला काय? कलमाला पाणी घालण्याची मजुरी चैत्रात मिळाली, की मार्चअखेरच्या हिशेबात अडकून आषाढात? सरकारी वर्ष एप्रिलात सुरू होते आणि शेतकऱ्याचे रोहिणीत. या दोन कालगणनांतील अंतरात जेवढ्या योजना वाया गेल्या, तेवढ्या पैशाअभावी गेल्या नसतील.

यासाठी नवा कायदा नको की नवे महामंडळ नको. तालुका कृषी अधिकाऱ्यास काही रक्कम आगाऊ खर्चण्याची मुभा, खरेदी केंद्राच्या उद्घाटनासाठी पाहुण्याची वाट न पाहण्याचा दंडक, वनपट्ट्याला सातबाऱ्याइतकाच मान, आणि कोणतेही नवे तंत्र प्रात्यक्षिकात आणण्यापूर्वी आवणी करणाऱ्या बायांना त्याविषयी विचारण्याची पद्धत, एवढ्याने पुष्कळ साधेल. ठाणे-कल्याणच्या वाचकासही यात काही करता येण्याजोगे आहे. २०१६ मध्ये भाजी व फळे बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाली, आणि सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार शहरांत भरू लागले. तेथे मुरबाडच्या बाईकडून वाल घेताना घासाघीस न करता तिच्या गावच्या गटाकडे वर्षभराची मागणी नोंदविली, तर दिवाळीनंतर त्या घरातील माणसे भट्टीवर जातील की नाही, हे ठरविण्यात शहराचाही हात लागेल.